सरावपाटीवरचा इशारा

चाळीस दिवसांच्या नियमातून वामनराव सदावर्त्यांना काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. रोकड नाही, पद नाही, पेपरात फोटोही नाही. मिळणार होती शांतता, थोडा मान आणि 'मी होतो म्हणून या लोकांचं निभावलं' असं चहा पिताना स्वतःशी म्हणायची सोय. निवृत्त माणसाला याहून जास्त लागत नाही, आणि याहून कमी चालत नाही.

वामनराव तेहतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात होते. खरेदीखत असो की मृत्युपत्र, ओळख पटवणारे दोन साक्षीदार उभे राहिल्याशिवाय त्यांनी कागद पुढे सरकवला नाही. एकदा सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी चष्म्यावरून 'आपण कोण?' असं विचारलं होतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच कौतुकाने सांगत.

कासारवेढ्याच्या त्यांच्या घरात चार वर्षांपूर्वी पेटी आली. पत्नी नलिनीबाईंची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. पूर्वी अशा माणसाला दिवसाआड दवाखान्यात जाऊन पडावं लागे. २०३५नंतर शिवणयंत्राएवढं डायलिसिसचं यंत्र घरी मिळू लागलं. ते घरच्याच नळाचं पाणी घेतं, आतल्या आत गाळतं आणि त्या पाण्याच्या मदतीने रक्त धुऊन काढतं. आठवड्यातून तीन पाळ्या, चार-चार तासांच्या. झाकणावर एक दिवा. हिरवा म्हणजे पाणी ठीक, लाल म्हणजे थांबा. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं. लोक पेटी म्हणत. राज्यभरच्या पेटीवाल्यांनी आपसात बोलायला इंटरनेटवर जो कट्टा काढला, तो पेटीकट्टा. सभासद दोन हजार आठशे. संचालक तीन, त्यात वामनराव थोरले.

कट्ट्यावर सगळ्यात जास्त वाचले जात ते मोहोरगावचे मकबूल बागवान. फळांचे घाऊक व्यापारी. मूत्रपिंडाच्या रोग्याला केळी वर्ज्य, शहाळं वर्ज्य. आणि हा माणूस दिवसभर केळ्यांच्या ढिगाशेजारी बसलेला. ते लिहीत, "आज चाळीस क्रेट विकले आणि एक केळं खाल्लं नाही. वामनराव, याची नोंद कुठल्या रजिस्टरला होते?" वामनराव उत्तर देत, "विषयाला धरून लिहावे." लोक दोघांनाही हसत.

दोन वर्षांपूर्वी मात्र कोणी हसलं नव्हतं. एका आठवड्यात कट्ट्यावर दोनशे चौदा नवे रोगी आले. कोणी बार्शीचा शिक्षक, कोणी चिपळूणची नर्स. प्रत्येकाची वेगळी कहाणी, वेगळी भाषा, शेवट मात्र एकच: पेटीतल्या प्लास्टिकमधून विष उतरतंय, पेटी बंद करा, अमुक काढा घ्या. त्या दोनशे चौदांत माणूस एकही नव्हता. कुठल्याशा कचेरीत बसलेलं एक लेखनयंत्र सगळ्यांच्या वतीने रडत होतं. सात जणांनी पेटी बंद केली. त्यातली एक बाई पाचव्या दिवशी गेली. बागवानांनी दोन पाळ्या चुकवल्या आणि चार दिवस अतिदक्षता विभागात काढले.

त्यानंतर वामनरावांनी राखणदार बसवला.

राखणदार म्हणजे एक प्रणाली. काय लिहिलंय ते ती वाचतच नाही, कारण काय लिहिलंय ते आता कोणीही लिहू शकतं. ती पाहते कसं लिहिलंय. दोन अक्षरांमध्ये बोट किती वेळ थांबलं, कुठे अडखळलं, काय खोडलं. प्रत्येकाची ही लय वेगळी असते, चालण्यासारखी. त्यातून मूत्रपिंडाच्या रोग्याची लय तर आठवड्याच्या तालावर वरखाली होते. पाळीच्या आदल्या दिवशी रक्तात साठलेल्या मळाने मज्जातंतू सुस्तावतात, बोटं जड पडतात. पाळीनंतर दमून मंदावतात, दुसऱ्या दिवशी हलकी होतात. सतराएक पाळ्यांमध्ये, म्हणजे साधारण चाळीस दिवसांत, ही लाट इतकी पक्की उमटते की तिची नक्कल करणं लेखनयंत्राला परवडत नाही.

म्हणून नियम असा झाला: नव्या सभासदाने चाळीस दिवस फक्त वाचायचं. रोज दहा ओळी लिहायच्या, पण त्या सरावपाटीवर. सरावपाटी कोणालाच दिसत नाही. राखणदार तिथे नुसती बोटं मोजतो. नातेवाइकांना यापुढे वेगळं खातं नाही, कारण भोंदू बहुतेक 'रोग्याचा मुलगा' म्हणूनच येतात. वैद्यकीय इशारा नव्या सभासदाने कळवलाच, तर तो रविवारी तीन संचालकांच्या बैठकीत. आणि उसन्या हाताने जुन्या खात्यावरून लिहिलं, तर खात्याला कुलूप.

बागवान तेव्हाही भांडले होते. "अहो, पेटी घरात आली की पहिल्या आठवड्यातच माणसाला शंभर प्रश्न पडतात. चाळीस दिवसांनी विचारून काय करायचं? लोणचं?"

"मागच्या वेळी अतिदक्षतेत कोण होतं, आपणच ना?" वामनरावांनी लिहिलं.

"मीच होतो. म्हणून तर बोलतोय."

पण मतं वामनरावांकडे होती. आणि खरं बोलायचं तर नियम चालला. दोन वर्षांत साडेचार हजार खोटी माणसं दारातून परत गेली. त्यांच्याबरोबर काही खरीही गेली असतील. ती कोणी मोजली नाहीत, कारण गेलेला माणूस 'मी खरा होतो' असं सांगायला परत येत नाही.

*

वामनरावांची धाकटी बहीण मंदाकिनी कहाळेकर तीन गल्ल्या सोडून राहत असे. तिच्या नवऱ्याची, प्रभाकररावांची पेटी येऊन नऊ दिवस झाले होते. मधुमेहाने त्यांची नजर अधू. त्यामुळे कट्ट्यावर खातं त्यांचं आणि बोटं मंदाकिनीची. चांगली धडधाकट, एका लयीत चालणारी बोटं. राखणदाराच्या लेखी ती फार संशयास्पद होती.

मंदाकिनीने अठ्ठावीस वर्षं गावच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. सून दुधाचं पातेलं पाहते तसं ती नळाचं पाणी पाहायची. बुधवारी सकाळी प्रभाकरराव पेटीवरून उठले ते धापा टाकतच. तिने कपाटातून परीक्षानळी काढली, पाणी घेतलं, पहिली गोळी टाकली. पाणी बिनरंगीच राहिलं. म्हणजे मोकळा क्लोरीन नाही. पेटीही नेमकं हेच तपासते, आणि दिवा हिरवा ठेवते. मंदाकिनीने दुसरी गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं, आणि गडद होत गेलं. रंग ताडून तिने आकडा टिपून ठेवला.

सोमवारपासून कासारवेढा, मोहोरगाव धरून चार गावांना नव्या लांब जलवाहिनीचं पाणी सुरू झालं होतं. एवढ्या लांबच्या प्रवासात क्लोरीन वाटेतच संपतो, म्हणून त्यात थोडा अमोनिया मिसळतात. दोन्ही मिळून क्लोरामाइन होतं. ते दिवसेंदिवस टिकतं. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही, पोट त्याची वासलात लावतं. पण पेटी पाणी पोटात घालत नाही, ती ते रक्ताशेजारून फिरवते. तिथे क्लोरामाइन पोचलं की तांबड्या पेशी फुटू लागतात. दवाखान्यात ते अडवायला कोळशाच्या मोठ्या टाक्या असतात. पेटीत कोळसा मूठभर.

मंदाकिनीने कट्ट्यावर लिहिलं: "सभासदहो, जलवाहिनीवरच्या चारही गावांत पेटीच्या आधी कोळशाचे दोन मोठे फिल्टर एकापुढे एक जोडल्याशिवाय पेटी लावू नका. दिव्यावर विसंबू नका." बटण दाबलं.

राखणदार म्हणाला, "आपला दहावा दिवस आहे. आपला मजकूर सरावपाटीवर जमा झाला. आपल्यावरील विश्वास: तीन टक्के."

तिने कंपनीला फोन लावला. गोड आवाजातलं यंत्र म्हणालं, "आपली पेटी हिरवी आहे. आपला दिवस आनंदात जावो." मग ती शुद्धीकरण केंद्रात गेली. तिथला अभियंता तिच्या हाताखालीच शिकलेला.

"मावशी, मोकळा क्लोरीन शून्य ना? मग तक्रार कसली? जास्त आला तरी बोंब, नाही आला तरी बोंब!"

"दुसरी गोळी टाक रे बाबा."

"दुसऱ्या गोळीचा तक्ता आमच्या फॉर्मातच नाही. नमुना विभागीय प्रयोगशाळेला पाठवतो. रविवारी येईल अहवाल."

ती तशीच भावाकडे आली. नलिनीबाई सकाळच्या पाळीने दमून आत पडल्या होत्या. मंदाकिनीने परीक्षानळी टीपॉयवर ठेवली.

"दादा, हे बघ आणि आत्ताच्या आत्ता कट्ट्यावर टाक."

वामनरावांनी नळी उजेडात धरली. "रंग तर आलाय."

"रंग नाही, रक्त आहे ते लोकांचं."

"मंदे, नाटकी बोलू नकोस. हे तू सांगतेस. उद्या मी लिहिणार, माझी बहीण असं म्हणते. लोक काय म्हणतील? सदावर्त्यांच्या घरच्यांना चाळीस दिवस लागू नाहीत."

"माझी अठ्ठावीस वर्षं?"

"ती राखणदाराला कशी कळणार? तो प्रत्येकाला सारखंच ओळखतो."

"कोणालाच ओळखत नाही म्हण ना."

वामनरावांनी चष्मा पुसला. यात त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हे नमूद करायला हवं. "मागच्या वेळी हेच झालं होतं. पेटी बंद करा, पेटी बंद करा. सात जणांनी केली, एक बाई गेली. इशारा खोटा निघाला तर पेटी न लावूनही माणूस मरतो. चार दिवस थांब. रविवारी अहवाल येईल, बैठकही आहे."

"तोवर पाळ्या किती होतील, मोजल्यास?"

"नियम आहे, मंदे."

"माझ्या नवऱ्याला तू ऑफिसात 'आपण कोण' म्हणालास तेव्हा आम्ही हसलो," मंदाकिनी उठत म्हणाली. "चूक झाली आमची."

ती गेली. संध्याकाळी वामनराव पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पाण्याच्या फिल्टरवाल्याकडून कोळशाचे दोन मोठे डबे घेऊन आले. रिक्षातून. कारागीर लावून एकापुढे एक जोडून घेतले.

"अहो, हे काय?" नलिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही. उगीच, खबरदारी."

*

गुरुवारी संध्याकाळी बागवानांनी कट्ट्यावर लिहिलं: "आज पेटीवरून उठल्यापासून दम लागतोय. थोडी लघवी झाली ती कोकमाच्या सारासारखी. कोणाला असं झालंय का? वामनराव, विषयाला धरून आहे."

खाली उत्तरं आली. उष्णता असेल. बीट खाल्लं होतं का? पाणी कमी प्या. पाणी जास्त प्या. सगळे जुने, ओळख पटलेले, पक्क्या हाताचे सभासद.

मंदाकिनी हे वाचत होती. वाचायला बंदी नव्हती. तिने लिहिलं: "बागवानसाहेब, पुढची पाळी घरी लावू नका. रक्तपेशी फुटताहेत. दवाखान्यात जा." राखणदार म्हणाला, "आभारी आहोत. सरावपाटीवर जमा." तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा जमा. बागवानांचा फोन नंबर कट्ट्यावर झाकलेला, सुरक्षिततेसाठी. मोहोरगावच्या फळबाजाराचा एक नंबर सापडला, तिथे आडत्या म्हणाला, "बागवान? कुठले? इथे तेवीस बागवान आहेत बाई." त्यातल्या चौघांशी ती बोलली. चौघंही ठणठणीत होते. पाचव्या वेळी आडत्याने फोन उचलला नाही. त्या दिवशी तिने दहाऐवजी सत्तर ओळी लिहिल्या आणि तिच्यावरचा विश्वास दोन टक्क्यांवर आला. इतकं भरभर कोणी रोगी लिहीत नाही.

शुक्रवारी ती पुन्हा भावाकडे गेली. वामनराव बँकेत गेले होते. नलिनीबाई पेटीला जोडलेल्या, उजव्या हातात दोन सुया. मंदाकिनीची नजर पेटीमागच्या कोळशाच्या डब्यांवर गेली आणि ती दारातच थबकली.

"वहिनी, हे कधी बसवले?"

"बुधवारी. तुमच्या दादांनी. मी म्हटलं, चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पेटीची काळजी वाटली ह्यांना."

मंदाकिनीने सगळं सांगितलं. नलिनीबाईंनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज फार शांत झाला.

"म्हणजे ह्यांना पटलं होतं."

"दोन डब्यांएवढं पटलं होतं."

"वन्सं, तो मोबाईल घ्या. माझं खातं चार वर्षांचं आहे. मला एका हाताने लिहिता येत नाही. मी सांगते, तुम्ही लिहा."

मंदाकिनीने लिहिलं. बागवानांना उद्देशून, नाव घेऊन, चार ओळी. तिसऱ्या ओळीवरच पडदा करडा झाला: "उसना हात आढळला. नलिनी सदावर्ते यांचे खाते बंद करण्यात आले आहे. उघडण्यासाठी दोन संचालकांची संमती आवश्यक."

वामनराव घरी आले तेव्हा दोघी जणी त्यांच्याकडे पाहत बसल्या होत्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच नलिनीबाई म्हणाल्या, "त्या बागवानांचं वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"बीटाने होतं तसं."

"तुमच्या बायकोला डबे, आणि त्यांना बीट?"

वामनरावांनी उरलेल्या दोन संचालकांना फोन लावला. एक लग्नात होते. मागे सनई वाजत होती. दुसरे म्हणाले, "वामनराव, नियम तुमचाच. रविवारी बसू ना." तेव्हा वामनराव संगणकापुढे बसले आणि तेहतीस वर्षांच्या सवयीने सूचना लिहिली: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जलवाहिनीच्या पाण्याबाबत अपुष्ट माहिती प्राप्त झाली आहे. अहवाल प्रलंबित आहे. सभासदांनी योग्य ती दक्षता घ्यावी."

मंदाकिनीने खांद्यावरून वाचलं. "दादा, यात काय करायचं ते कुठे आहे?"

"दक्षता म्हटलंय ना."

"दक्षता नळाला कशी जोडायची?"

"अहवालाआधी याहून जास्त लिहिता येत नाही," वामनराव म्हणाले, आणि सूचना टाकली.

शनिवारी दुपारी एक चाळीसला बागवानांनी खाली विचारलं: "वामनराव, दोनला माझी पाळी आहे. अपुष्ट म्हणजे लावू की नको? मागच्या वेळी घाबरून दोन चुकवल्या, मरता मरता वाचलो. दिवा तर हिरवा आहे."

वामनराव जागेच होते, पडद्यासमोरच होते. ते तीनदा लिहायला बसले. राखणदाराकडे नोंद आहे: पहिल्यांदा त्यांनी 'लावू नका' लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्यांदा 'आमच्या घरी आम्ही' एवढं लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्यांदा पाठवलं. "कृपया आपल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा."

बागवानांनी उत्तर दिलं, "बरं. तुम्हीच असं म्हणताय म्हणजे एवढं काही नसणार." आणि खाली केळ्याचं चित्र.

*

रविवारी सकाळी साडेदहाला अहवाल आला. मंदाकिनीचा आकडा दशांशासकट बरोबर होता. अमोनिया बंद झाला, पेट्यांना कोळशाचे जोडडबे पुरवायचे कंपनीने मान्य केलं, अभियंत्याच्या फॉर्मात दुसऱ्या गोळीचा तक्ता आला. त्या सहा दिवसांत चार गावांतल्या सदतीस जणांनी पेटी लावली होती. अकरा जणांना रक्त चढवावं लागलं. छत्तीस जण यथावकाश बरे झाले.

सदतिसावे मकबूल बागवान. शनिवारी पाळी संपायच्या आधीच त्यांची शुद्ध गेली. मोहोरगावच्या दवाखान्यात त्यांना रक्त मिळालं, पण तोवर हृदय थकलं होतं.

नलिनीबाई मंदाकिनीला म्हणाल्या, "ह्यांनी फक्त 'माझ्या बायकोला मी दोन डबे लावले' एवढं एक वाक्य लिहिलं असतं. त्याला ना अहवाल लागत होता, ना साक्षीदार."

वामनराव आतल्या खोलीतच होते. त्यांना ऐकू गेलं.

दोन आठवड्यांनी कट्ट्यावर मतदान झालं: नव्या सभासदांवरचं बंधन ठेवावं की काढावं? वादही चांगला झाला. बंधन काढलं तर त्याच रात्री दोनशे चौदा येतील, हे कोणाला नाकारता आलं नाही. ठेवलं तर पुढची मंदाकिनी कुठे बोलेल, याचं उत्तर कोणाला देता आलं नाही. नातेवाइकांसाठी वेगळी खिडकी काढावी, अशी सूचना आली. ती विचारार्थ ठेवली गेली. ठेवावं, असं एक हजार नऊशे चार जणांनी सांगितलं. काढावं, दोनशे बारा जणांनी. वामनरावांनी मत दिलं नाही. त्यांनी राजीनामा दिला. तो दोन संचालकांच्या संमतीअभावी अजून मंजूर व्हायचा आहे.

काढावं म्हणणाऱ्यांत आणखी तीन मतं नक्की होती, ती पडली नाहीत. नलिनीबाईंच्या खात्याला कुलूप होतं. मंदाकिनीचा अठ्ठाविसावा दिवस होता, विश्वास दोन टक्के. तिसरं मत कुणाचं, ते वेगळं सांगायला नको.

आता कोणी काय भरलं ते पाहू. लेखनयंत्रवाल्यांनी काही भरलं नाही, ते दुसऱ्या कट्ट्यावर गेले. कंपनीने डबे भरले, अभियंत्याने फॉर्म भरला. वामनरावांच्या घरात बोलणं कमी झालं आहे. बहीण येते, वहिनीजवळ बसते, परत जाते. बंधन नव्या सभासदांसाठी घातलं होतं. त्याची पुरी किंमत भरली ती एका जुन्या सभासदाने, ज्याची ओळख पटलेली होती.